दोरीचं दुसरं टोक

मी आजवर जितकी माणसं झोपलेली पाहिली तितकी जागी पाहिलेली नाहीत. धंदाच तसा होता. पुण्यात एका दुकानदाराकडे मी नोकरीला होतो. तो झोप तपासायची आणि झोपेत श्वास चालू ठेवायची मशिनं विकायचा, भाड्यानंही द्यायचा. डॉक्टरांची चिठ्ठी आली की मी बॅग घेऊन पेशंटच्या घरी जायचो, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली नळी आणि बोटाला चिमटा लावून यायचो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सोडवून आणायचो. कोण कसं घोरतं या विषयावर मी कुठल्याही लग्नात तासभर बोलू शकतो, आणि म्हणूनच मला फारसं कुणी लग्नाला बोलावत नाही.

पण या झोपाळू मंडळींतून माझ्या डोक्यात कायमची घर करून राहिली ती एक न झोपणारी बाई. कासार आंबोलीतली माझी घरमालकीण. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, मग मीही म्हणायला लागलो.

मी मूळचा लातूरकडचा. कोथरूडात खोली परवडेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की पिरंगुटच्या पुढे जा, गाडी आहे ना तुझ्याकडे. गेलो. आत्या ओट्यावर पाय पसरून बसली होती, मांडीवर सुपात तांदूळ आणि उजव्या हातात शेळी बांधायची बारीक दोरी. दोरी तिच्या पाठीमागच्या खिडकीच्या गजातून आत गेलेली. मी खोलीचं विचारलं. त्यावर हो नाही काही न म्हणता तिनं दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

"धर जरा. आवाज थांबला की वढायची. काळी शेळी बंगल्याकडं पळालीया."

आणि काठी घेऊन ती निघूनच गेली. मी आपला ओट्यावर दोरी धरून उभा. म्हटलं, आत वासरू असेल, नाहीतर चावरं कुत्रं. तेवढ्यात आतून घर्र असा आवाज आला. वासरू काही असं ओरडत नाही. आवाज चढत गेला, मग एकदम बंद. मी वाट पाहिली. काहीच नाही. मला हुकूम आठवला आणि मी दोरी ओढली. आत खाट करकरली, कुणीतरी मोठा फुरफुराट केला आणि घर्र परत सुरू झालं. खिडकीतून वाकून पाहतो तर पांढऱ्या मिशांचा एक माणूस उताणा झोपलेला, खुंटीला खाकी शर्ट, आणि दोरीचं दुसरं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला. एका परक्या माणसाचा अंगठा मी ओढला होता आणि त्याला त्याचं काही वाटल्याचं दिसत नव्हतं.

आत्या शेळीचा कान धरून परत आली. माझं गाव, जात, पगार, यातलं काही तिनं विचारलं नाही. एवढंच विचारलं, की किती वेळा ओढावी लागली. मी सांगितलं. ती म्हणाली, मग आज बरा आहे म्हणायचा. खोली मला मिळाली. पुढे चार वर्षं मी तिथं राहिलो.

झोपलेला माणूस म्हणजे मामा, आत्याचा नवरा. उरवड्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी सायकलनं घरी यायचे, भाकरी खायचे आणि दुपार उलटेपर्यंत झोपायचे. बोलायला अगदी मऊ माणूस. आपण घोरतो हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. बाकी सगळ्या वाडीला ते ठाऊक होतं. समोरच्या घरात पाहुणे आले की ते विचारायचे, गिरणी कुठे चालू आहे म्हणून.

आत्याला शांतता म्हणून सोसत नसे. घरात रेडिओ सदानकदा चालू, मग त्यावर बाजारभाव असोत की नुसती खरखर. भांडी घासताना ती स्वतःशी बोले, शेळ्या चारताना शेळ्यांशी, आणि दोन्ही वेळा सारख्याच तावातावानं. सुट्टीच्या दिवशी मी खोलीत वाचत पडलो की थोड्या वेळानं भिंतीवर काठीचे ठोके पडायचे आणि पलीकडून प्रश्न यायचा, हायंस का रं? मी आहे म्हटलं की ती कामाला लागायची. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. मग मी वाचताना उगीच खाकरायला शिकलो. आजही एकटा असलो की मी मधून मधून खाकरतो, बायको विचारते घशाला काय झालंय.

तिच्या शेळ्यांच्या गळ्यात घंटा होत्या, प्रत्येकीची वेगळी. एकीची तर फुटक्या पितळी तांब्याच्या गळ्यातून कापून केलेली, तिचा आवाज ऐकून मला दात आंबल्यासारखं व्हायचं. मी एकदा तिला म्हटलं, आत्या, ही घंटा बदला की. ती म्हणाली, "वाईट आवाज लांबून वळखू येतो."

आणि तिची झोप? ती झोपतच नव्हती हो. म्हणजे डोळे मिटायची, पण दोरी हातात धरून. मामाला सुट्टी असली की रात्री दोरी तिच्या मनगटाला. चुलीपुढं बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा आणि भाकरीचा कोळसा व्हायचा. एकदा उभ्या उभ्या दाराच्या चौकटीला डोकं टेकून झोपली, मी बोललो तसा दचकून तिनं माझ्याच शर्टाची बाही ओढली. तिचे डोळे कायम लाल. गावात नव्या आलेल्या एका बाईनं तर ती पिते म्हणून सांगितलं होतं. आत्याला ते कळल्यावर ती मनापासून हसली, म्हणाली, तेवढीच झोप तरी लागली असती.

मी झोपेच्या धंद्यातला माणूस. मामाला काय झालंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. झोपेत घसा मिटतो, हवा आत जात नाही, शरीर घाबरून जागं करतं, परत झोप, परत तेच. माणूस झोपतो खूप आणि विश्रांती मिळते शून्य. मी मामाला हळूच सांगून पाहिलं, तपासून घेऊ. मामा म्हणाले, "मला काय धाड भरलीया? झोप तर लई येती मला." हाच तर आजार आहे मामा, असं मी म्हटलं, पण तोवर त्यांना डुलकी लागली होती.

मग एकदा कारखान्याच्या गेटवर ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी भिंतीवरून उडी मारून त्यानंच आतून गेट उघडलं. मामा खुर्चीत. सुपरवायझरनं समज दिली, पुन्हा असं झालं तर घरी बसा. त्याच आठवड्यात मामा सकाळी येताना सायकलवर पेंगले आणि रस्त्याकडेच्या चारीत पडले. कोपर सोलून निघालं. आत्यानं हळद भरली, एक शब्द बोलली नाही. मी त्या घरात अनुभवलेली पहिली शांतता ती. संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"तुजं ते पट्टं बांद त्याला. नोकरी गेली तर जाऊ दे, शेळ्या हायेत. पर ह्यो असाच कुटं तरी पडून राहील रं."

आमच्या दुकानाच्या ओळखीचे डॉक्टर भले होते, त्यांनी चिठ्ठी दिली. मामा झोपायचे दिवसा, म्हणून तपासणीही दिवसा. मी सकाळी पट्टे बांधले, नळी लावली, बोटाला चिमटा लावला. पायाची दोरी माझ्या हातानं सोडली, आत्याला बजावलं की आज दोरी नाही म्हणजे नाही, आणि कामावर गेलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पाहिले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. याला फारसं काही नाही, म्हणाले. श्वास अडकतोय असं वाटतं, पण लगेच सुटतो, ऑक्सिजन खाली जायला सवडच मिळत नाही. तू पट्टे नीट बांधले होतेस ना?

मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. कागदांवर श्वास अडकला रे अडकला की अंगाला धक्का बसल्याची खूण होती. दर वेळी. असं शरीर मी पाहिलं नव्हतं, इतकं तत्पर. ओट्यावर आत्या बसलेली, हातात दोरी. मी दोरीच्या मागे मागे नजर नेली. ती खिडकीतून आत जाऊन खाटेच्या खुराला बांधलेली होती.

"तू म्हनलास पायाला दोरी न्हाई," आत्या म्हणाली. "मी खाटंला बांदली. खाट हालीवली की तो हालतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो आत्या, ती खाट हलवली म्हणून तर आजार दिसला नाही, आणि आजार दिसला नाही तर डॉक्टर मशीन लिहून कसं देणार? तिला ते लगेच पटलं. ती काही बिनडोक नव्हती. फक्त आपण इतकी वर्षं जे करतोय ते बंद केल्यावर काय दिसेल, हे बघायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या तपासणीला मी रजा टाकली. आत्याला म्हटलं, तुम्ही शेळ्या घेऊन लांब जा. ती म्हणाली नाही, लांब गेले तर पळत येईन, त्यापेक्षा इथंच बसते. मी बोटाला चिमटा लावायचं एक छोटं यंत्र जास्तीचं आणलं होतं. त्याच्यावर ऑक्सिजनचा आकडा दिसायचा. तिला समजावलं, की हा आकडा मी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे, फार खाली गेला तर मी स्वतः मामाला उठवीन, तपासणी गेली खड्ड्यात. पण तोवर आपण दोघांनी हलायचं नाही.

ती दाराच्या आत भिंतीला टेकून बसली. दोरी गुंडाळून तिनं माझ्याजवळ दिली, म्हणाली, माझ्या हाताचा भरवसा नाही. एक करडू मांडीवर घेतलं आणि त्याला घट्ट धरून ठेवलं.

मामा घोरायला लागले. चढत गेले. आणि थांबले.

मी शेकडो लोकांचे असे कागद पाहिले होते. श्वास थांबला की कागदावर एक सपाट रेघ असते, बोटाएवढी. पण कागदावर ती लगेच संपते. इथं समोर माणूस होता, त्याचं पोट आत ओढलं जात होतं आणि हवा जात नव्हती. आत्या पुटपुटायला लागली. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. जवळ वाकलो तेव्हा कळलं, ती माझ्याशी बोलत होती, नजर मामावर ठेवून.

"आमचा मेंढरांचा वाडा. रानात निजायचो. बा असाच घोरायचा. आमाला झोपू द्यायचा न्हाई. एका पहाटं गप झाला. आय म्हनली, बरं झालं, आज गाढ लागली त्याला, कुनी उठवू नका. आमी समदी गप बसलो. मेंढरं सोडायच्या येळंपतुर."

मी यंत्राकडे पाहिलं. आकडा खाली येत होता. तिनं माझं मनगट पकडलं, नखं रुतली. मी उठायच्या बेतात होतो. आणि मामांनी म्हशीसारखा मोठा फुरफुराट केला, पूर्ण हवा आत घेतली, कूस बदलली, आणि परत घर्र. आत्याची पकड सुटली नाही. थोड्या वेळानं परत तेच, परत शांतता, परत ती नखं. असं दुपारपर्यंत चाललं. मांडीवरचं करडूही कसं कोण जाणे गप राहिलं.

पट्टे सोडताना तिनं विचारलं, अगदी हळू आवाजात, मामाला ऐकू जाऊ नये असं.

"म्हंजे मी दोरी वढली नसती, तरी हा उठला असता? इतकी वर्सं?"

मी सांगितलं, की आत्या, बहुतेक वेळा उठले असते. पण दर वेळी उठले असते असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मोठा डॉक्टरसुद्धा नाही. तिनं मान हलवली, करडू खाली सोडलं आणि चहा ठेवला. माझ्या मनगटावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या, त्यांना तिनं बोट लावून पाहिलं आणि खोबरेल आणून दिलं.

या वेळी कागद पाहून डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. मशीन पाहिजेच, म्हणाले. रबरी मास्क नाकावर बांधायचा, मशीन नळीतून हवा ढकलतं आणि घसा उघडा राहतो, इतकंच ते. मशीन मिळालं त्याचीही गंमतच झाली. वरच्या अंगाला बंगला होता, तिथले शहरातले साहेब फक्त शनिवार-रविवारी यायचे. त्यांनाही मीच पूर्वी असं मशीन दिलं होतं, आणि मास्कनं गुदमरतं म्हणून त्यांनी ते दोन दिवसांत कपाटात टाकलं होतं. मी मागितलं, त्यांनी सुटका झाल्यासारखं देऊन टाकलं. नवा मास्क लावला, हवेचा जोर डॉक्टरांनी ठरवून दिला.

मास्क आणि लांब नळी लावून मामा पहिल्यांदा झोपले तेव्हा वाडीतली सगळी पोरंटोरं खिडकीशी. आत्या म्हणाली, आता आमच्यात बारा महिने गणपती. मामा मास्कच्या आतून हसले, आणि हसता हसता झोपले. घोरणं नाही. फुरफुराट नाही. मशिनाची बारीक सुं सुं तेवढी. मामा संध्याकाळी उठले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. रात्री कामावर जाताना ते सायकलवर शीळ घालत गेले. शीळ येते हे आत्यालाही नवीन होतं.

झालं, गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आत्याची दशा आणखी वाईट झाली. घर शांत झालं होतं ना! घोरणं चालू असताना निदान ती डुलकी तरी काढायची, थांबलं की उठायची. आता थांबायला काही उरलंच नाही. दर थोड्या वेळानं ती आत जाऊन मामाच्या छातीवर हात ठेवी, मास्कच्या कडेला बोट लावून वारा लागतोय का बघे. मामा जागे होत, झोपमोड झाली म्हणून कुरकुरत. मी सांगून थकलो की मशीन आहे, मशीन बघतंय. ती म्हणाली, "मशीन बघतंय, पर मला कुटं सांगतंय?"

त्यात लोडशेडिंगची ती वर्षं. भरदुपारी वीज जायची ती तासन् तास. वीज गेली की सुं सुं बंद, आत्या धावत जाऊन मास्क काढणार, की परत घर्र आणि परत दोरी. मी एका गॅरेजमधून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर जुळवून दिला, तेव्हा विजेचा प्रश्न सुटला. आत्याचा सुटेना. ती वाळत चालली होती. एकदा तर ती मला म्हणाली, की ह्याला बरं करून तू मला मारलंस बघ. हसत म्हणाली, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

इलाज शेवटी मामांनी काढला. ज्यांनी घोरणं कधी कबूल केलं नाही त्यांनी. माझ्या बॅगेत एक झिजलेला पोटाचा पट्टा पडला होता, तो त्यांनी मागून घेतला. सकाळी जेवून झाल्यावर पट्टा पोटावर बांधला, आत्याची दोरी घेतली, तिचं एक टोक पट्ट्याला अडकवलं, दोरी गजावरून बाहेर नेली आणि ओट्याच्या आढ्याला दुसऱ्या टोकाशी ती फुटक्या तांब्याची घंटा टांगली. मग खाटेवर उताणे पडून मास्क लावला. पोट वर गेलं की दोरी सैल, पोट खाली गेलं की ताण. श्वासागणिक घंटा एकदा टण करून वाजायची, दात आंबवणारं टण.

"आता वढायचं काम माज्याकडं," मास्क जरा उचलून मामा म्हणाले. "तू आईक नुसतं."

आत्या ओट्यावर सूप घेऊन बसली, घंटेकडे बघत. मी गाडीला किक मारली तेव्हाही ती तशीच बसली होती, आणि तांदळातला एक खडाही तिनं उचललेला नव्हता.

दुपारी मी लवकर परत आलो. वळणावरूनच बंगल्याच्या माळ्याची बोंब ऐकू आली. आत्याच्या साऱ्या शेळ्या साहेबांच्या हिरवळीवर होत्या आणि गुलाबांची कत्तल चालली होती. एखादी शेळी निसटायची, पण साऱ्याच मोकाट सुटल्या असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. गाडी तशीच टाकून मी धावलो. घराजवळ आलो आणि ऐकलं, टण. जरा थांबून, टण.

रेडिओ बंद होता. आत्या ओट्यावर आडवी झाली होती, सूप कलंडलेलं, तांदूळ सांडलेले, त्यावर चिमण्या. पदर डोक्याखाली, तोंड उघडं. आणि घोरत होती. मामाच्या वरताण घोरत होती. माळी तणतणत मागून आला, त्याला मी तोंडावर बोट ठेवून थांबवलं. म्हटलं, शेळ्या मी आणतो, गुलाबांचं काय ते मी साहेबांना सांगतो, पण एक अक्षर बोलू नकोस. त्यानं आत्याकडे पाहिलं. काय समजला कोण जाणे, चपला हातात घेऊन मागे वळला.

शेळ्यांना वळवायला मीही निघणारच होतो. इतक्यात आत्याचं घोरणं मध्येच थांबलं.

मी जागच्या जागी उभा. घंटा वाजत होती, ती मामाची. आत्याचा आवाज येईना. आणि माझा हात, मला न विचारता, ओट्यावर दोरी शोधायला लागला. दोरी वर आढ्याला होती. मग मी खाली बसलो आणि तिच्या पायाचा अंगठा हलकेच ओढला. तिनं मोठा श्वास घेतला, झोपेतच पाय आखडून घेतला, आणि घर्र परत सुरू झालं.

शेळ्या तिकडं गुलाब खात होत्या. मी तिच्या पायाशीच बसून राहिलो, मामा उठेपर्यंत.